हिरव्या ठिपक्याची राखण

पत्र

(नाव-गाव न छापण्याच्या अटीवर आलेल्या पत्राचा सारांश.)

मी ३६ वर्षांची आहे. एका एजन्सीमार्फत मोठ्या कंपनीच्या प्रकल्पावर कंत्राटी काम करते, तेही घरूनच. जुन्या यंत्रणेतला डेटा नव्या यंत्रणेत न्यायचा, दोन्हीकडचे आकडे जुळवायचे, जुळले नाहीत की तिकीट काढायचं, म्हणजे यंत्रणेत त्या चुकीची तक्रार नोंदवायची, हे माझं काम. करार सहा महिन्यांचा होता. मग चार-चार महिन्यांच्या दोन मुदतवाढी झाल्या. चौदावा महिना संपत आलाय आणि तिसरी मुदतवाढ येणार असं कानावर आहे.

पैसे आधीच्या कायम नोकरीपेक्षा बरे मिळतात, पण खरं काम दिवसाला तीन तासांचं. उरलेला वेळ, मी कामावर आहे असं दाखवणारा चॅटवरचा हिरवा ठिपका पिवळा पडू नये म्हणून मधूनमधून माऊस हलवत बसते. शुक्रवारी टाइमशीटवर आठ-आठ तास भरताना हात अडखळतो. याद्या करून झाल्या, गजर लावून झाले, दोन ऑनलाइन कोर्स अर्धवट पडलेत. चौदा महिन्यांत रजा अशी घेतलीच नाही, कारण रजेचे पैसे मिळत नाहीत. मागच्या महिन्यात तारखांमधली एक जुनी चूक सापडली, ते दोन दिवस बरे गेले. बाकी सगळे दिवस एकसारखे. नवरा म्हणतो, पैसे मिळतायत ना, मग अडलंय कुठे? मैत्रिणी म्हणतात, नशीबवान आहेस. मी आळशी झालेय का? मोटिव्हेशन आणू तरी कुठून? की सरळ सोडून देऊ?

उत्तर

तुमचं मूळ पत्र चार पानांचं होतं. सारांश करताना त्यातलं एक अख्खं पान मी एका ओळीत कोंबलं, आणि नंतर लक्षात आलं की पत्रातलं सगळ्यात जिवंत पान तेच होतं. तारखांच्या चुकीचं. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

जुन्या यंत्रणेत आधी दिवस, मग महिना. नवी यंत्रणा मात्र आधी महिना वाचत होती. १३ ते ३१ तारखांच्या नोंदी साहजिकच अडकल्या, कारण तेरावा महिना नसतो. त्यांची तिकिटं निघाली, कुणीतरी त्या हाताने दुरुस्त केल्या आणि विषय मिटला असं सगळ्यांनी धरून चाललं. पण १ ते १२ तारखा निमूट आत शिरल्या. ५ मार्चची ३ मे झाली तरी यंत्रणेने हूं की चूं केलं नाही, कारण तारीख म्हणून ३ मे बरोबरच आहे. तुम्हाला संशय आला तो एका ओळीमुळे: काम सुरू ३ मे, काम संपलं २० मार्च. संपल्याची तारीख हाताने दुरुस्त झालेली, म्हणून खरी. सुरू झाल्याची यंत्रणेने उलटी वाचलेली. तिथून धागा पकडून तुम्ही दोन दिवसांत अशा सगळ्या नोंदी हुडकून काढल्यात. आणि मग लिहिलंय, ‘जेवायचं राहून गेलंय हे चार वाजता कळलं.’

आळशी माणसाचं जेवण असं चुकत नाही हो.

तेव्हा ‘मोटिव्हेशन कुठून आणू’ हा तुमचा प्रश्न मला जरा बाजूला ठेवायचाय. त्यात असं गृहीत धरलंय की उमेद तुमच्यातली आटली आणि आता ती बाहेरून भरून आणायची. महिन्याभरापूर्वी ती व्यवस्थित होती. तिला करायला काहीतरी मिळालं होतं एवढंच. मग दोन दिवसांनी पुन्हा सगळं थंड का झालं? तेही तुम्हीच लिहिलंय. तिकिटावर दोन ओळी टाकल्यात, कुणीतरी ‘निकाली’ अशी खूण केली, आणि पुढच्या सोमवारी नवीन यादी आली. तुमच्या शोधाचं पुढे काय झालं, किती नोंदी सुधारल्या, त्या नोंदी कुणाच्या होत्या, यातलं तुम्हाला काहीही कळलं नाही. तुम्ही विचारलंही नाही, कारण ‘कंत्राटी माणसाने कशाला चौकशा करायच्या?’

हे वाक्य मला फार ओळखीचं आहे. मीही अशी तीन वर्षं काढली आहेत, दुसऱ्यांच्या ऑफिसात. गळ्यात वेगळ्या रंगाच्या फितीचं ओळखपत्र असायचं. एकदा प्रकल्प पूर्ण झाला म्हणून सगळ्यांचा फोटो काढायचं ठरलं आणि कॅमेरा लावणाऱ्याने अगदी गोड आवाजात सांगितलं, ‘एजन्सीवाल्यांनी जरा बाजूला व्हा हं, हा आपल्या लोकांचा आहे.’ त्यातलं निम्मं काम आम्ही चौघांनी केलं होतं. राग आला नाही, याचंच मला नंतर वाईट वाटलं. आपण बाजूला व्हायचं असतं हे तोवर अंगवळणी पडलं होतं.

रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या कामाच्या मानसशास्त्राच्या दोन अभ्यासकांनी १९७० च्या दशकात कामात माणसाचं मन कशाने लागतं याचा एक आराखडा मांडला. १९७६ चा त्यांचा निबंध अजूनही शिकवला जातो. त्यांनी पाच गोष्टी धरल्या: कामात वेगवेगळी कौशल्यं लागतात का, एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून होते का, तिने कुणाला काही फरक पडतो का, कसं करायचं ते आपण ठरवतो का, आणि काम जमलं की बिघडलं हे आपल्याला कळतं का. मला त्यातलं आवडतं ते त्यांचं सूत्र. पहिल्या तिन्हींची त्यांनी सरासरी धरली, पण शेवटच्या दोन्ही गोष्टींनी तिला गुणलं. म्हणजे केलेल्या कामाची खबरबात शून्य असेल तर बाकी सगळं कितीही चांगलं असो, उत्तर शून्यच. प्रत्येक माणूस असा सूत्रात बसत नाही, हे कबूल. पण तुमचं पत्र वाचताना मला तो गुणाकार आठवत राहिला. तुम्ही सगळा दोष कंटाळवाण्या कामाला देताय, मला मात्र त्या न आलेल्या खबरीचा जास्त वाटतो.

ही खबर मिळवणं पुष्कळसं तुमच्या हातात आहे. तुम्ही हलवलेल्या नोंदी उद्या कोण उघडणार आहे, ते शोधा. त्या विभागातल्या एखाद्या माणसाशी अर्धा तास बोलायचंय असं प्रकल्प-प्रमुखांना सांगा. कारण अगदी व्यवहारी द्या: ‘कुठल्या रकान्यात चूक झाली तर त्यांचं काम अडतं हे कळलं, तर मी ते रकाने आधी तपासेन.’ याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. मानसशास्त्रज्ञ अॅडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणारे लोक, म्हणजे दिवसभर नकार ऐकायचं काम. त्यातल्या काही जणांची, त्या पैशांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही मिनिटांची भेट घडवली. महिन्याभराने पाहिलं तर ते लोक आधीच्या दुपटीहून जास्त वेळ फोनवर काढत होते, आणि जमणारी रक्कमही दुपटीच्या पुढे गेली होती. ना पगार वाढला होता, ना कुणी भाषण दिलं होतं. आपला पैसा जातो कुठे ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, बस.

आता टाइमशीट. इथे तुम्हाला थोडं दुखेल असं लिहिणार आहे.

तीन तासांचं काम आणि आठ तासांची नोंद, याची बोच तुम्हाला लागते हे चांगलंच लक्षण आहे. ती मारायला जाऊ नका. पण ती सगळी स्वतःच्या चारित्र्यावर ओढून घेऊ नका. तासावर पैसे मिळणाऱ्या कामात एक अंगभूत खोट असते: काम जितकं लवकर उरकाल तितकं तुमचंच नुकसान. आठवड्याचं काम दोन दिवसांत करणारी एखादी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा संगणक-प्रोग्रॅम, तुम्हाला सहज लिहिता येईल हे तुम्हाला माहीत आहे, आणि ती तुम्ही लिहीत नाही कारण मग उरलेल्या तीन दिवसांचं काय? म्हणजे रोज सकाळी आपल्याच कौशल्याचा हात धरून तुम्ही त्याला खाली बसवता. याने माणूस थकतो. १९५५ मध्ये ब्रिटिश इतिहासकार सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी एक खुसखुशीत लेख लिहिला होता, हाती जेवढा वेळ असेल तेवढं काम पसरत जातं असं सांगणारा. त्यात एक रिकामटेकडी आजी भाचीला एक पोस्टकार्ड पाठवण्यात अख्खा दिवस घालवते, आणि दिवसाअखेरी दमून जाते. मला नेहमी वाटतं, लोक त्यातलं आजीचं पोस्टकार्ड लक्षात ठेवतात आणि तिचं दमणं विसरतात.

तुमचं दमणं त्या जातीचं आहे. काम तीन तासांचं आणि राखण आठ तासांची. तो ठिपका हिरवा ठेवताना ना धड काम होतं, ना विश्रांती, ना ते अर्धवट कोर्स. आणि ठिपक्याची राखण करण्याचे पैसे कुणी तुम्हाला देत नाही, निदान करारात तरी तसं कलम नसणार.

उपाय एकच आहे आणि तो लेखी आहे. प्रमुखांना चार ओळींचा मेल करा. काहीसा असा: ‘सध्याची यादी मी रोज साधारण तीन ते चार तासांत पूर्ण करते. उरलेल्या वेळात तारखांसारख्या चुका आपोआप पकडणारी तपासणी तयार करू शकते, किंवा दुसऱ्या गटाला मदत करू शकते. कशाला प्राधान्य देऊ?’ यात तक्रार नाही, माफी नाही. हवं ते आधी विचारून घेताय, म्हणजे स्क्रिप्ट लिहिलीत तरी ती लपवून ठेवायची वेळ येणार नाही. उत्तर ‘हे करा’ असं आलं तर काम बदललं. ‘राहू द्या, उपलब्ध राहा म्हणजे झालं’ असं आलं तर ते तुमच्या वेळेचे, तुमच्या उपलब्धतेचे पैसे देतायत हे त्यांनीच लिहून दिलं, आणि शुक्रवारी अडखळायचं कारण उरलं नाही. मेलला उत्तरच आलं नाही, तर दोन आठवड्यांनी तोच मेल पुन्हा पाठवा.

‘पण मग त्यांनी करारच संपवला तर?’ संपवू शकतात. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मात्र हे प्रकल्प मुळातच संपण्यासाठी जन्माला आलेले असतात. जुना डेटा एकदा नव्या घरी गेला की तुमचं काम संपणार, तुम्ही मेल केलात किंवा नाही केलात. मेल न केल्याने फार तर काही महिने मिळतील. ते महिने कसे जातील हे तुम्ही चार पानं भरून मला कळवलंच आहे.

रजेबद्दल लिहायलाच हवं, कारण कंत्राटी कामातला हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे आणि तो मी बऱ्याच पत्रांत वाचते. ‘रजा घेतली की पैसे बुडतात.’ हिशेब असा मांडून बघा. वर्षात ५२ आठवडे, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे २६० दिवस. कायम नोकरीतल्या माणसाला सुट्ट्या, आजारपण आणि रजा धरून यातले तीसेक दिवस काम न करता पगार मिळतो. कंत्राटी माणसाचा दर जास्त असतो तो याचसाठी: त्या दराने २३० दिवस काम करून २६० दिवसांचं भागलं पाहिजे. तुमच्या ‘बऱ्या’ पैशांत तुमच्या रजेचे पैसे आधीच घातलेले आहेत. ती न घेता तुम्ही जास्त कमावलंत असं वाटतं खरं, पण तो पैसा रजा विकून आलेला आहे. आणि २३० दिवसांवर तुमचा दर पुरत नसेल, तर अडचण रजेची नाही, दराची आहे. ती मुदतवाढीच्या वेळी बोलायची.

माझं स्पष्ट मत: काहीही ठरवण्याआधी सलग दहा दिवस रजा घ्या. चौदा महिने सुट्टीशिवाय काढलेल्या माणसाला आपल्याला कंटाळा आलाय की थकवा हे आतून सांगता येत नाही. दोन्ही सारखेच दिसतात. दहा दिवसांनी परत बसल्यावर जे उरेल तो कंटाळा. आणि रजेतही कशातच गोडी वाटली नाही, झोप-भूक बिघडलेली असली, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर तो विषय नोकरीचा राहत नाही; डॉक्टरांना भेटा, सल्ल्याच्या सदरावर भागवू नका.

एक छोटी गोष्ट त्या आकडे जुळवण्याबद्दल. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्याकडे तासन्‌तास बघणाऱ्यांच्या नजरेतून खुणा का निसटतात हे शोधायला मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक घड्याळ बनवलं. त्याचा काटा ठरल्या टप्प्यांनी पुढे सरकायचा आणि क्वचित एखादी दुप्पट उडी घ्यायचा. ती उडी टिपायची, दोन तास. १९४८ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांकडून उड्या निसटू लागल्या होत्या. लोक मन लावून बसलेले होते, तरीही. तेव्हा ओळीमागून ओळ डोळ्यांनी तपासायचं काम सलग दोन तास करून ‘माझं लक्ष लागत नाही’ म्हणून कष्टी होऊ नका. पंचवीस-तीस मिनिटं तपासा, उठा, मग दुसऱ्या प्रकारचं काम घ्या. हे तुम्हालाच नाही, हिशेब तपासणाऱ्या, कागद वाचणाऱ्या, कॅमेऱ्यांचे पडदे बघणाऱ्या सगळ्यांनाच लागू आहे.

आता, सोडायचं का?

तुम्ही हा प्रश्न ‘राहू की जाऊ’ असा मांडलाय, जणू काही तुम्ही तिथे कायमच्या आहात आणि जायचं तर काडीमोड घ्यावी लागेल. तुम्ही तिथे मुदतीवर आहात. दर चार महिन्यांनी तुम्हाला न मागता विचारलं जातं, ‘राहणार का?’ कायम नोकरीतल्या लोकांना हे कुणी विचारत नाही. तुम्ही दोन्ही वेळा काय केलंत? मेल आला, ‘हो’ कळवलंत, पुढच्या तिकिटाला लागलात. तुमच्याच शब्दांत, ‘मुदतवाढ झाली’. पावसाने यावं तशी ती झाली. माझ्या मते तुमच्या दिवसांना आकार नाही याचं हे मोठं कारण आहे: सहा महिन्यांचं काम सहा महिने म्हणून सुसह्य असतं. तेच काम कधी संपणार माहीत नसेल तर तिसऱ्या दिवशीही जड जातं.

म्हणून तिसरी मुदतवाढ यायच्या आत, आजच, एका कागदावर तीन गोष्टी लिहा. यानंतर जास्तीत जास्त किती महिने, म्हणजे तुमची स्वतःची शेवटची तारीख. त्या तारखेपर्यंत हातात किती महिन्यांच्या खर्चाची शिल्लक हवी. दोन करारांमध्ये पोकळी पडतेच, आणि त्या पोकळीच्या भीतीनेच बहुतेक जण नको ती मुदतवाढ घेतात. आणि राहायचं तर कुठल्या अटीवर: तपासणीची स्क्रिप्ट अधिकृतपणे तुमच्याकडे, आठवड्याला एखादी बैठक त्या विभागाबरोबर, किंवा दरात वाढ. तिन्ही मागा, एक मिळाली तरी ते काम आधीच्यासारखं राहणार नाही. एकही मिळाली नाही, तर तुमची तारीख ठरलेलीच आहे.

एजन्सीशी झालेला करारही या निमित्ताने एकदा नीट वाचा. पूर्वसूचना किती दिवसांची, त्याच ग्राहकाकडे थेट जायला बंदी आहे का आणि किती काळ, फावल्या वेळात दुसरं काम चालतं का, लिहिलेल्या कोडवर हक्क कुणाचा. बहुतेक करारांत तो ग्राहकाचा असतो. म्हणून ती स्क्रिप्ट किंवा खऱ्या नोंदी घरच्या मशीनवर ‘आठवण म्हणून’ उतरवून घेऊ नका. न्यायची ती गोष्ट न्या, तिच्यावर कुणाचा हक्क नसतो. एक साधी वही ठेवा आणि दर शुक्रवारी, टाइमशीट भरून झालं की तिच्यात तीन ओळी लिहा: काय अडलं होतं, कसं सोडवलं, काय शिकले. ग्राहकाचं नाव नाही, डेटा नाही. तारखांची गोष्ट त्यात पहिली लिहा. मी मुलाखती घेतल्या आहेत, आणि सांगते, ‘डेटा स्थलांतराचा चौदा महिन्यांचा अनुभव’ या ओळीवर माझी नजर ठरली नसती. पण ‘३ मे ला सुरू होऊन २० मार्चला संपलेलं काम’ सांगणाऱ्या बाईला मी पाणी विचारून पुढचं ऐकलं असतं.

ते दोन अर्धवट कोर्स सोडून द्या. खरंच. कोर्स अर्धा राहिला की तो दुसरी टाइमशीट होऊन बसतो. पुढच्या कामासाठी एकच गोष्ट शिकायची ठरवा, तीही तुमच्या शेवटच्या तारखेवरून उलट मोजत.

नवऱ्याला काय सांगायचं, हेही तुम्ही विचारलंय. ‘पैसे मिळतायत ना’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा पैशांना घाबरलेला असतो, तुमच्या कंटाळ्याला हसत नसतो. त्यांच्यासमोर कंटाळा मांडू नका, तो कागद मांडा: तारीख, शिल्लक, अटी. त्यावर दोघांनी बोला. मैत्रिणींना काही सांगायची गरज नाही.

आणि एक माझ्यासाठी. त्या विभागाशी अर्धा तास बोलणं झालं, तर विचारून घ्या की त्या उलट्या झालेल्या तारखा कशाच्या होत्या. तारीख दोन महिने पुढे सरकली की कुणाचा तरी हप्ता थकीत दिसतो, कुणाची हमीची मुदत चुकीची धरली जाते, कुणाची अर्जाची पाळी मागे जाते. तुमच्या दोन दिवसांनी नक्की कुणाचं काय वाचलं? पत्र आल्यापासून मी त्याच विचारात आहे. कळलं तर लिहा, अर्धं पान चालेल.